कोरड्यास काय?

सातारा, सांगली, कोल्हापूर, सोलापूर या पट्ट्यातल्या गावात दुपारी शेतातून घरी आलेला माणूस हातपाय धुतो, पाटावर बसतो आणि विचारतो, "कोरड्यास काय केलंय?" उत्तर रोज वेगळं असतं. कधी मेथीची भाजी, कधी आमटी, कधी वांग्याचं कालवण, आणि काहीच जमलं नसेल तर खर्डा आणि वर तेलाची धार. प्रश्न मात्र पिढ्यान्‌पिढ्या तोच. भाजी, आमटी, चटणी यांपैकी कुठल्याही एकीचं नाव कोरड्यास नाही, पण त्या दिवशी यांतलं जे काही असेल ते कोरड्यासच. ताटात भाकरी असणार हे गृहीत आहे. भाकरी कोरडी, तिला घशाखाली उतरवायला काहीतरी हवं, आणि त्या 'काहीतरी'ला दिलेलं हे नाव. शब्द नीट न्याहाळला तर त्याच्या शेवटी चतुर्थीचा 'स' उभा दिसतो. कोरड्याला, कोरड्यासाठी. विभक्तीचा प्रत्यय लागलेलं एक रूप तसंच्या तसं नाम होऊन बसलेलं आहे.

घाट उतरून सिंधुदुर्गात गेलं की भाकरीच्या जागी भात येतो आणि प्रश्न होतो, "निस्त्याक काय?" मालवणीत चतुर्थीचा प्रत्यय 'क' आहे: माका, तुका, घराक. निस्त्याक या शब्दाची ठेवणही तशीच दिसते. डोंगराच्या दोन बाजूंना दोन बोलींनी एकमेकींना न विचारता एकच युक्ती केलेली आहे. ताटातलं मुख्य अन्न एक, बाकीचं सगळं त्याच्यासाठी.

प्रमाण मराठीत या दोन्ही शब्दांना नेमका पर्याय नाही. 'भाजी' म्हणावं तर आमटी बाहेर राहते. 'कालवण' जवळचा, पण त्यात कालवण्याची, ओलाव्याची अट आहे. खर्डा कालवण होऊ शकत नाही. 'तोंडीलावणं' म्हटलं की ताटाच्या कडेची चटणी-कोशिंबीर डोळ्यांसमोर येते. म्हणजे जेवणाच्या रचनेबद्दलची एक अख्खी समजूत बोलीकडे आहे आणि लेखी भाषेकडे तिच्यासाठी शब्द नाही.

पुढच्या पानांवर रोजच्या खाण्यापिण्यातले असे बोलींतले शब्द एकत्र येतात. ते वाचताना एक सवय बाजूला ठेवावी लागेल. 'अमुक म्हणजे आपलं तमुक' असं म्हणून पुढे जाण्याची ही सवय. स्वयंपाकघरातला शब्द वस्तूचं नाव सांगतो, हे अर्धं खरं. ती वस्तू त्या घरात कशी होते, कोणत्या अन्नाबरोबर खाल्ली जाते, कोणत्या हंगामात येते आणि कोणत्या बाजारातून, हेही तो सांगत असतो. पर्यायी शब्द दिला की पहिली गोष्ट हाती लागते आणि बाकीची सगळी निसटते.

पिठल्यापासूनच सुरुवात करता येईल, कारण ते जवळपास प्रत्येक मराठी घरात होतं. हरभऱ्याच्या डाळीचं पीठ फोडणीच्या आधणात वैरून शिजवलं की पुण्याकडे ते पिठलं. खानदेशात आणि विदर्भात कितीतरी घरांत शिजलेल्या पदार्थालाच बेसन म्हणतात; 'आज बेसन केलंय' याचा अर्थ डबा भरलाय असा नसून जेवण तयार आहे असा असतो. विदर्भातच त्याला चूनही म्हणतात, आणि चून-भाकर हा तिथला सरळ, भरवशाचा जोड आहे. कोकणात हरभरा दुर्मीळ, डोंगरउतारावर कुळीथ पिकतो. म्हणून तिथे कुळथाची पिठी, पातळ आणि भातावर ओतता येईल अशी. झुणका त्यामानाने मोकळा, कोरडा, पण हा भेदही सगळीकडे पाळला जात नाही. एका घरातला झुणका दुसऱ्या घरात पिठलं ठरतो. शिवाय जुन्नर आणि नगरच्या बाजूला याच पिठाच्या मासवड्या होतात, ज्यांच्यात मासा नसतो, फक्त आकार असतो.

1995 मध्ये राज्यात युतीचं सरकार आलं आणि एका रुपयात झुणका-भाकर देणारी केंद्रं निघाली. 'झुणका-भाकर' हा जोड तेव्हा राज्यभरातल्या पाट्यांवर लागला. चून-भाकर म्हणणाऱ्या तालुक्यातही पाटी झुणक्याचीच होती. सरकारी योजनेला एकच नाव लागतं, त्यात गैर काही नाही. पण अशा प्रत्येक पाटीबरोबर एक शब्द मोठा होतो आणि त्याच्या शेजारचे तीन-चार घरात जाऊन बसतात.

चून गोव्यात नेला तर आणखी वेगळीच गोष्ट होते. कोंकणीत चून म्हणजे किसलेलं खोबरं गुळात शिजवून केलेलं सारण. नेवऱ्यांत आणि हळदीच्या पानातल्या पातोळ्यांत ते भरतात. चूर्णाशी, म्हणजे बारीक केलेल्या वस्तूशी दोन्हींचं नातं असावं. एका टोकाला डाळ दळून बारीक केली, दुसऱ्या टोकाला नारळ खवून. शेतात जे पिकतं तेच बारीक होणार.

एकाच शब्दाची अशी भटकंती सगळ्यांत चांगली दिसते ती 'डांगर'मध्ये.

पुण्यात आणि कोकणातल्या काही घरांत डांगर म्हणजे भाजून दळलेल्या उडदाच्या डाळीचं पीठ, आणि ते ताकात किंवा दह्यात कालवून, हिंग-मिरची लावून केलेलं तोंडीलावणं. कांदा बारीक चिरून घातला की आणखी चांगलं. खानदेशात आणि मराठवाड्याच्या बऱ्याच भागात डांगर म्हणजे तांबडा भोपळा. विदर्भात नदीचं पाणी ओसरल्यावर वाळूच्या पात्रात खरबूज-टरबुजांचे मळे लावतात, त्यांना डांगरवाडी म्हणतात; तिथे डांगर हे उन्हाळ्यात कापून खायचं फळ. जळगावच्या माहेरवाशिणीने पुण्याच्या सासरी 'डांगर करते' म्हटलं तर सासू उडदाचा डबा काढील आणि सून विळी.

उडदाचं डांगर त्याहून लांब गेलेलं आहे. 17व्या शतकात शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी तंजावरला राज्य स्थापन केलं आणि 1855पर्यंत तिथे मराठा राजघराण्याची परंपरा चालली. त्या काळात दक्षिणेत गेलेल्या मराठी घरांबरोबर हा पदार्थ गेला. तमिळनाडूत आजही 'डांगर पचडी' होते: भाजलेलं उडदाचं पीठ, दही, वर मोहरीची फोडणी. यातला डांगर मराठी आणि पचडी दक्षिणेकडची. ज्यांना मराठी येत नाही अशा घरांतही हे नाव टिकून आहे, तर ज्या मराठी मुलखातून ते गेलं तिथल्या निम्म्या लोकांना डांगर म्हटल्यावर भोपळा आठवतो. याच तंजावरशी जोडलेल्या, 17व्या शतकातल्या रघुनाथ गणेश नवहस्त यांच्या 'भोजनकुतूहल' या संस्कृत ग्रंथात पदार्थांची देशी नावं येतात. संस्कृतात लिहिणाऱ्या पंडितालाही स्वयंपाकघरात शिरल्यावर घरचेच शब्द वापरावे लागले.

सांबाराची कथा अशीच, पण ती बाजारात घडते. नागपूर-अमरावतीकडे भाजीवालीकडे सांबार मागितला की ती कोथिंबिरीची जुडी देते. कोथिंबिरीचं भरपूर सारण भरून तळलेली सांबारवडी हा नागपूरचा मानाचा पदार्थ. कोकणात सांबारं म्हणजे वाटण लावलेला रस्सा, मग तो काळ्या वाटाण्यांचा असो. दक्षिणेत सांबार म्हणजे काय हे तर आता प्रत्येक उडपी हॉटेलने सगळ्यांना शिकवलेलं आहे. या शब्दाचं मूळ संस्कृत 'संभार'मध्ये, म्हणजे जमवलेल्या साहित्यात, मसाल्यात शोधतात. ते मान्य केलं तर चित्र स्पष्ट होतं. मसाल्याचं नाव एका ठिकाणी मसाला घातलेल्या रश्शाला चिकटलं, दुसऱ्या ठिकाणी आमटीला, आणि विदर्भात रोजच्या मसाल्यातल्या सगळ्यांत हिरव्या, सगळ्यांत ताज्या घटकाला. पुण्यात शिकायला आलेली नागपूरची मुलगी पहिल्या आठवड्यात मंडईत 'सांबार' म्हणते आणि दुसऱ्या आठवड्यापासून 'कोथिंबीर'. घरी फोनवर बोलताना मात्र सांबारच.

टोमॅटोला वऱ्हाडात भेदरं म्हणतात आणि भेदऱ्याची चटणी करतात. टोमॅटो परदेशी, बाहेरून आलेला. तरी बोलीने त्याला स्वतःचं नाव दिलं, आणि प्रमाण भाषेने परकं नाव उचललं. परकी वस्तू आली की बोली परकाच शब्द घेते असा समज असतो. भेदरं त्याला चोख उत्तर आहे. उलट बटाटा, काजू, अननस, कोबी, पाव हे पोर्तुगिजांबरोबर आलेले शब्द आता इतके मराठी झालेत की त्यांच्याकडे कोणी संशयाने पाहत नाही. विदर्भात मात्र बटाट्याला आलू म्हणतात, टोमॅटोला टमाटरही म्हणतात, दुधीला लौकी म्हणतात, आणि या शब्दांना लगेच 'हिंदीची लागण' असा शेरा मिळतो. नागपूर 1956पर्यंत मध्य प्रांत आणि मग मध्य प्रदेशाच्या कारभारात होतं, राजधानीचं शहर होतं. तिथल्या बाजाराचं तोंड शतकभर उत्तरेकडे होतं. पश्चिम किनाऱ्यावरच्या लोकांनी बटाटा पोर्तुगिजांकडून घेतला, पूर्वेकडच्यांनी आलू शेजाऱ्यांकडून. दोघांनीही आपल्या दारात आलेलाच शब्द घेतला आहे. एकाला शुद्ध आणि दुसऱ्याला अशुद्ध ठरवण्याचं कारण भाषेत सापडत नाही.

मराठवाड्यातलं असंच एक उदाहरण फार गोड आहे. अळूच्या पानांना तिथे चमकुरा म्हणतात. शब्द तेलुगूतून आला आहे: चाम म्हणजे अळकुडी, कूर म्हणजे भाजी. मराठवाडा 1948पर्यंत हैदराबाद संस्थानात होता, तेलुगू मुलूख लागूनच. भाजी आणि तिचं नाव एकाच पाटीतून आलं. विदर्भात त्याच पानांना धोपा म्हणतात. मुंबई-पुण्याची अळूवडी नागपुरात धोप्याच्या पानांची वडी होते आणि गोवा-कारवारकडे पात्रोडे. एकच पान, बेसन किंवा तांदळाचं वाटण लावून गुंडाळलेलं, आणि प्रत्येक नावात एकेका जुन्या राज्याची सीमा.

चुरमुऱ्यांचंही तसंच. मुंबई-कोकणात कुरमुरे, पुणे-कोल्हापुरात चुरमुरे, विदर्भ-मराठवाडा-खानदेशात मुरमुरे. सांगली-कोल्हापूरकडे त्यांना तेल-मसाला-लसूण लावून भडंग करतात. मराठवाड्यात आणि सोलापुरात हेच चुरमुरे भिजवून, पिळून, कांदा-मिरचीच्या फोडणीवर परततात आणि त्याला म्हणतात सुशीला. बाहेरच्या माणसाला हे एखाद्या बाईचं नाव वाटतं. उत्तर कर्नाटकात हाच पदार्थ 'सुसला' या नावाने सकाळी खाल्ला जातो. सोलापुरात सुसला आणि सुशीला दोन्ही ऐकू येतात.

किनाऱ्यावर शब्द वेगळ्या कारणाने वाढतात. तिथे एकाच वस्तूची अनेक रूपं आहेत आणि प्रत्येक रूपाला नाव हवं आहे. शहरात 'कोकम' या एका शब्दावर भागतं. रत्नागिरीत झाडावरचं ताजं लाल फळ म्हणजे रातांबा, सिंधुदुर्ग-गोव्यात तेच भिरंड. त्याची साल रसाची पुटं देत वाळवली की ती सोलं किंवा आमसुलं. मीठ घालून साठवलेला दाट रस म्हणजे आगळ. सोलकढीचा रंग आणि आंबटपणा त्यातून येतो. बियांतल्या तेलाचे मुठीत वळलेले गोळे म्हणजे मुठेल, जे पायांच्या भेगांना लावतात आणि पूर्वी जेवणातही घेत. 'कोकम' म्हणून हे सगळं एकाच खणात टाकलं तर झाडापासून बरणीपर्यंतचं दोन-तीन महिन्यांचं काम दिसेनासं होतं. हे काम बहुतेक ठिकाणी बायका करतात, पाऊस सुरू व्हायच्या आत उरकतात, आणि नावंही त्यांनीच वेगवेगळी ठेवली आहेत, कारण गोंधळ झाला तर नुकसान त्यांचंच. विदर्भात मात्र 'सोले' म्हटलं की सोलून काढलेले तुरीचे किंवा वाटाण्याचे ओले हिरवे दाणे. हिवाळ्यातली सोल्यांची भाजी आणि कोकणातली सोलाची कढी यांचा संबंध फक्त सोलण्याशी.

मासळीत तर प्रत्येक बंदराचा स्वतंत्र कोश आहे. मुंबईची सुरमई मालवण-गोव्यात इसवण होते, हलवा सरंगा होतो, उत्तर कोकणातली मुशी दक्षिणेत मोरी. मुंबईच्या बाजारात घासाघीस करणाऱ्या मालवणी बाईला दोन्ही नावं येतात, आणि कोणतं नाव उच्चारल्यावर कोळीण आपल्याला जाणकार समजेल हेही तिला कळतं.

पावसाळा हा बोलीचा खरा हंगाम. रानभाज्या शेतात लावल्या जात नाहीत, बियाण्याच्या पाकिटावर छापल्या जात नाहीत, म्हणून त्यांची नावं प्रमाण व्हायची राहून गेली. श्रावणाच्या तोंडाशी वेलीवर येणारं काटेरी, हिरवं, गोल फळ घ्या. पुणे-नगर-खानदेशात करटुलं, मुंबईकडे कंटोळं, विदर्भात काटवल, सिंधुदुर्गात फागला. टाकळ्याचंही असंच: कोकणात पहिल्या पावसानंतर रस्त्याच्या कडेला उगवणारा टाकळा विदर्भात तरोटा आहे. शेवग्याला पूर्व विदर्भात मुनगा म्हणतात. त्याच्या पानांची भाजी कोकणात शेगलाची, आणि ती गोकुळाष्टमीला हवीच. वेलीवरच्या फळभाज्यांतही फरक सुटत नाहीत. मुंबईचं शिराळं देशावर दोडका, पुण्याचं घोसाळं नाशिक-खानदेशात गिलकं, कोकणातलं तवसं देशावरची काकडी आणि गावाकडे वाळूक. श्रावणघेवड्याला मुंबईने फरसबी म्हटलं, त्यात 'फ्रेंच बीन' अजून ऐकू येतं. पेरूला विदर्भात जांब म्हणतात, आणि मुंबईत जाम नावाने जे पांढरट-गुलाबी, पाणीदार फळ मिळतं त्याच्याशी पेरूचा काही संबंध नाही.

उपासाच्या ताटातही एकमत नाही. ज्याला मुंबई वरीचे तांदूळ म्हणते ते नाशिक-मराठवाड्यात भगर. साबुदाण्याची खिचडी नागपुरात साबुदाण्याची उसळ असते. उसळ म्हणजे मोड आलेलं कडधान्य असं मनात पक्कं बसलेल्या माणसाला हे पटायला वेळ लागतो.

ही नावं लेखी भाषेत का उतरली नाहीत याचं उत्तर पाककृतींच्या पुस्तकांत थोडंफार मिळतं. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचं 'सूपशास्त्र' 1875 मध्ये छापलं गेलं. लक्ष्मीबाई धुरंधर यांचं 'गृहिणीमित्र अथवा हजार पाकक्रिया' 1910 मधलं. कमलाबाई ओगले यांची 'रुचिरा' 1970 मध्ये आली आणि लग्न होऊन परगावी, परदेशी जाणाऱ्या मुलींच्या सामानात ठरलेली वस्तू बनली. या पुस्तकांचे उपकार मोठे आहेत. त्यांनी प्रमाण दिलं, माप दिलं, आईपासून दूर राहणाऱ्यांना धीर दिला. पण पुस्तकाला प्रत्येक पदार्थासाठी एकच मथळा लागतो. 'पिठलं' हा मथळा दिला की चून, बेसन आणि पिठी हे त्याच्या पोटात गेले. आणि जे पदार्थ छापणाऱ्या-विकत घेणाऱ्या घरांत होतच नव्हते, त्यांना मथळाही मिळाला नाही.

ही उणीव शाहू पाटोळे यांनी 2015 मध्ये आलेल्या 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या पुस्तकात थेट समोर ठेवली. मराठवाड्यातल्या मांग आणि महार समाजांच्या स्वयंपाकाची नोंद त्यांनी घेतली. त्यात चान्या आहेत, म्हणजे उन्हात वाळवून ठेवलेले मांसाचे तुकडे. तेल नसलेल्या, मसाला बेताचा असलेल्या घरात अन्न कसं शिजतं, आणि काहीही वाया न घालवण्याचं शास्त्र कसं असतं, ते त्यात आहे. चान्या, वशाट, बरबाट हे शब्द शेकडो गावांत रोजचे आहेत. ते पाककृतींच्या पुस्तकांत नव्हते याचं कारण ते कमी मराठी होते असं नाही. पुस्तकं ज्या ओसरीवर लिहिली गेली तिथवर त्यांना येऊ दिलेलं नव्हतं. खाण्याच्या शब्दांचा कोणताही संग्रह जातीचा उल्लेख टाळून प्रामाणिक राहू शकत नाही. पोळी आणि चपातीचा सनातन वादही वरवर प्रदेशाचा वाटतो. पुण्या-नागपुरातल्या बऱ्याच घरांत रोजची ती पोळी. कोल्हापूर, सोलापूर, मुंबई आणि किनाऱ्यावर रोजची चपाती, आणि पोळी म्हणजे सणाची, पुरणाची. पण एकाच गल्लीत शेजारी-शेजारी दोन्ही शब्द नांदतात, तेव्हा ते नकाशा सांगत नसतात, आडनाव सांगत असतात.

कोशकारांनी आपलं काम निष्ठेने केलं. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश 1831 मध्ये निघाला, वाढवलेली आवृत्ती 1857 मध्ये. त्यात स्वयंपाकघरातले आणि शेतातले शब्द भरपूर आहेत. यशवंत रामकृष्ण दाते, चिंतामण गणेश कर्वे आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा 'महाराष्ट्र शब्दकोश' 1932 ते 1938 या काळात खंडाखंडाने आला आणि त्याने बोलींचे शब्दही जागोजाग नोंदले. ग्रियर्सनच्या भाषा-सर्वेक्षणाचा मराठीवरचा खंड 1905चा. त्यात प्रत्येक बोलीचा नमुना म्हणून बायबलमधल्या उधळ्या पुत्राची गोष्ट सांगून घेतलेली आहे. तुलनेसाठी ही पद्धत उत्तम. पण त्या गोष्टीत उपासमार आहे आणि शेवटी मेजवानी आहे, मधलं रोजचं जेवण नाही. रोज संध्याकाळी चुलीवर काय शिजतं हे विचारायला त्या गोष्टीत जागाच नव्हती. पुढे 1960च्या दशकात अ. मा. घाटगे यांनी कुडाळी, महाडची कुणबी, ठाण्याची वारली अशा बोलींची स्वतंत्र वर्णनं केली. गणेश देवी यांच्या पुढाकाराने झालेल्या भारतीय भाषांच्या लोकसर्वेक्षणाचा महाराष्ट्राचा खंड अरुण जाखडे यांच्या संपादनाखाली 2013 मध्ये आला. पुण्याच्या डेक्कन कॉलेजनेही गावोगाव जाऊन मराठीच्या बोलींचं सर्वेक्षण केलं आहे. अभ्यासकांचं लक्ष आता या बाजूला वळलं आहे, आणि ते वळायलाच हवं होतं.

कारण नावांच्या आधी क्रियापदं जातात. आधणात पीठ वैरणं, डाळ येळणं, वरण घोटणं, पीठ तिंबणं, भाकरी थापणं आणि बडवणं. पुरणासाठी शिजवलेल्या डाळीचं वरचं पाणी येळून काढलं की त्या पाण्याची आमटी, म्हणून तिला येळवणी. काही गावांत तीच कटाची आमटी. कुकर आला, डाळ मोजक्या पाण्यात शिजू लागली, येळण्याचं काम उरलं नाही आणि येळवणी हा शब्द नुसतं नाव होऊन राहिला. तो कुठून आला हे तो वापरणाऱ्यांनाच सांगता येईनासं झालं. कटाचं तर दुसरीकडे पुनर्वसनही झालं: कोल्हापूरच्या मिसळीवरचा लालभडक रस्सा म्हणजे कट, नागपुरात पोह्यांवर ओतली जाते ती तर्री, आणि पुण्या-नाशकात वाटीतून वेगळं मागायचं ते सँपल. गाड्यावर, हॉटेलात शब्द जगतो, कारण तिथे तो ओरडून मागावा लागतो.

काही शब्द फार जुने आहेत आणि तरी दोन ठिकाणी दोन वस्तू सांगतात. मांडे घ्या. 12व्या शतकात चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने रचलेल्या 'मानसोल्लास'मध्ये मंडक येतात. खानदेशात आज मांडा म्हणजे उपड्या खापरावर भाजलेली, हातावर फिरवत मोठी केलेली, तलम पुरणपोळी. बेळगावचे मांडे कोरडे, कुरकुरीत, आत पिठीसाखर असलेले, घडी घालून दिलेले. दोन्हीकडे करणाऱ्या बाईच्या हाताची परीक्षा असते. ज्यांनी यांतला कुठलाच कधी पाहिला नाही तेही मनात मांडे खातात.

पुढल्या नोंदी म्हणूनच एका ठरावीक साच्याने केलेल्या नाहीत. शब्दापुढे प्रमाण भाषेतला प्रतिशब्द देऊन थांबायचं, हा मोह शक्य तिथे टाळला आहे. त्याऐवजी कोण म्हणतं, कुठे म्हणतं, कशाबरोबर खातात, कोणत्या भांड्यात होतं आणि ते भांडं अजून घरात आहे का, असं विचारलं आहे. काही नोंदी दोन ओळींच्या आहेत, काही पानभर गेल्या आहेत. पानभर गेलेल्या बहुधा धान्याच्या आहेत.

वर्णक्रमाने पहिल्या काही नोंदींत 'अडसर' येतो, म्हणजे मालवणीतलं शहाळं. शेवटच्या काहींत 'हुरडा' आणि 'हुलगा'. हुलग्यापुढे कोशांच्या रिवाजाप्रमाणे 'कुळीथ पाहा' एवढं लिहून भागलं असतं. दाणा एकच आहे, लालसर, चपटा, हलक्या जमिनीत आणि थोड्या पावसात येणारा. पण कुळीथ म्हणणाऱ्या घरात त्याचं पीठ होतं, धो-धो पावसात जेव्हा बाजारात मासळी नसते तेव्हा त्याची पिठी उकळते, आत कोकम पडतं आणि ती गरम भातावर येते. हुलगा म्हणणाऱ्या घरात त्या पिठाची कणीक मळतात, तळहातावर लांबट शेंगोळे वळतात, लसणाच्या झणझणीत रश्शात शिजवतात आणि थंडीच्या रात्री तेवढंच जेवण असतं. आजाऱ्याला त्याच पिठाचं माडगं पाजतात. म्हणून या संग्रहात हुलगा आणि कुळीथ या दोन नोंदी वेगळ्या आहेत.